तीन नंबरचा सिलिंडर

पुलगावात बंद पडलेल्या गोष्टींचं कारण आम्हाला तोंडपाठ असतं. आर्वीला जाणारी छोट्या रुळांची शकुंतला थांबली, कापडगिरणी थांबली. का? 'जमाना बदलला.' मागच्या पावसाळ्यात आबाजींची जीप मिसिंग करायला लागली, तेव्हा मीही हेच उत्तर घेऊन गॅरेजात गेलो.

जीप म्हणजे सीजे-३बी. विलीजनं हे मॉडेल १९५३ मध्ये काढलं. महिंद्रानं त्याआधीच मुंबईत माझगावला विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली होती. पुढे अमेरिकेत ३बी बंद झाली, तरी आपल्याकडे बनत राहिली. तिचं बॉनेट इतकं उंच का, ठाऊक आहे? आतलं हरिकेन इंजिन उंच. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा आरोपी ठरलेला होता: पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल. ते ओल धरतं, जुन्या रबराला सोसत नाही. बाबांनी तर भंगारवाल्याशी बोलणंही केलं होतं.

चाचा मिस्त्री म्हणाले, "पहिले पाहू, मंग शिव्या देऊ."

इंजिन चालू ठेवून त्यांनी एकेका प्लगची वायर काढली. एक, दोन, चार नंबरची काढली की इंजिन आणखी लंगडायचं. तीनची काढली, काहीच फरक नाही. म्हणजे तीन आधीच मेलेला. प्लगांची अदलाबदल केली. दोष तीनवरच राहिला. वायरीत ठिणगी चांगली. पेट्रोल, कार्बोरेटर, पॉइंट चारही सिलिंडरांना सामाईक. ते बिघडले तर एकट्या तीनला त्रास का? माझं इथेनॉल तिथेच सुटलं. मग इंजिन बंद करून, पुढून हँडल घालून हळूहळू फिरवलं. तीनदा हाताला जोर लागला, चौथ्यांदा हँडल सहज गेलं. कॉम्प्रेशन गळत होतं.

मी लगेच दुसरा आरोपी आणला. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत १९२१ मध्ये पेट्रोलात शिसं घालायची युक्ती सापडली. त्या शिशानं व्हॉल्व्हची बैठक जपली आणि जगभरच्या मुलांच्या रक्तात विष कालवलं. भारतात २००० साली ते पूर्ण बंद झालं, बरंच झालं. पण जुनी इंजिनं त्यामुळेच झिजली असतील, नाही का?

चाचांनी विचारलं, "बाजूचे व्हॉल्व्ह कधी सेट केले, भाऊ?"

मी गप्प. वरचे व्हॉल्व्ह झाकण काढलं की दिसतात. एक्झॉस्टचे मात्र ब्लॉकच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या मागे. हात घालायला अवघड. आबाजी वर्षातून एकदा ते करायचे. ते गेल्यावर अकरा वर्षांत कुणी ते झाकण उघडलं नव्हतं. तीन नंबरच्या एक्झॉस्टला फटच उरली नव्हती. गरम झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसायचा नाही.

नशिबानं तो जळला नव्हता. फट बसवली आणि जीप एका लयीत बोलू लागली. बाबांनी भंगारवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

शकुंतला का थांबली, असं आता कुणी विचारलं तर मी 'जमाना बदलला' म्हणत नाही. कोणतं झाकण कधीपासून उघडलं नव्हतं, ते आधी शोधावं लागेल.