नाकतोड्याचे कान असतात पोटावर! जाणून घ्या त्याच्या शरीराचे भाग आणि त्यांची कामे

पावसाळ्यात बांधावरच्या गवतातून चालताना पायाजवळून टुणकन उडी मारणारा हिरवा किंवा मातकट कीटक म्हणजे नाकतोडा. नाव काहीही असले तरी तो कुणाचे नाक तोडत नाही. तो पाने कुरतडतो. भातशेतीत तो नुकसान करणारी कीड म्हणून ओळखला जातो आणि त्याला कधी आवरायचे, हे त्याच्या शरीररचनेवरूनच कळते.

इतर कीटकांसारखेच त्याच्या शरीराचे तीन भाग असतात: डोके, वक्ष (छाती) आणि उदर (पोट). आत हाडे नसतात. बाहेरचे कायटिनयुक्त कवच हाच त्याचा सांगाडा. हे कवच शरीराबरोबर वाढत नाही, म्हणून पिल्लू मोठे होताना अनेकदा कात टाकते.

डोके

दोन मोठे संयुक्त डोळे असंख्य बारीक भिंगांनी बनलेले असतात. शिवाय तीन साधे डोळे असतात, ते मुख्यतः उजेडातले बदल टिपतात. दोन मिशा स्पर्श आणि वास ओळखतात. जबडे आपल्यासारखे वर-खाली नव्हे, तर कात्रीसारखे डावी-उजवीकडे हलतात. पकडल्यावर तो तोंडातून तपकिरी थेंब सोडतो. ते रक्त नसते. शत्रूला परतवण्यासाठी बाहेर टाकलेले ते अर्धवट पचलेले अन्न असते.

वक्ष

वक्षाला पायांच्या तीन आणि पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढचे चार पाय चालायला, मागचे दोन उडीसाठी. ही उडी केवळ स्नायूंच्या जोरावर होत नाही. आधी मांडीतले स्नायू आवळतात, त्या ताणाने गुडघ्याजवळचा लवचीक भाग धनुष्यासारखा वाकतो, आणि तो ताण एकदम सुटला की नाकतोडा हवेत! गलोलीचे तत्त्वही हेच.

पुढचे पंख चिवट असून झाकणाचे काम करतात. उडताना मुख्य काम मागचे, पातळ आणि पंख्यासारखे घडी होणारे पंख करतात. मे २०२० मध्ये विदर्भात धाड घालणारे वाळवंटी टोळ हे नाकतोड्याचेच भाऊबंद, आणि तेही अशाच पंखांवर एवढा लांबचा पल्ला गाठतात.

उदर

खरी गंमत इथे आहे. आखूड मिशांच्या नाकतोड्याचे कान उदराच्या पहिल्या खंडावर, दोन्ही बाजूंना असतात. ताणलेल्या पातळ पडद्यावर आवाज आदळला की तो थरथरतो. लांब मिशांच्या नाकतोड्यांचे कान मात्र पुढच्या पायांवर असतात!

श्वासही नाकातोंडाने नाही. वक्षावर २ आणि उदरावर ८ अशा छिद्रांच्या १० जोड्या असतात. त्यांतून हवा बारीक नळ्यांनी थेट पेशींपर्यंत जाते. त्यामुळे नुसते डोके पाण्यात बुडाले तर नाकतोडा गुदमरत नाही. ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम रक्ताकडे नसल्याने त्यात हिमोग्लोबिन नसते आणि ते लालही नसते.

मादीच्या उदराच्या टोकाला अंडी घालण्याचा कणखर अवयव असतो. त्याने ती माती उकरते, पोट नेहमीपेक्षा कितीतरी लांब ताणून खाली नेते आणि फेसाच्या वेष्टनात अंड्यांचा पुंजका ठेवते. फेस वाळला की अंड्यांना संरक्षण मिळते.

भातावरचा नाकतोडा पावसाळा संपताना अशी अंडी बांधाच्या मातीत घालतो. ती उन्हाळाभर तशीच राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. म्हणूनच उन्हाळ्यात बांध छाटायला आणि नांगरट करायला सांगतात. पुंजके उघडे पडले की ते उन्हाने सुकतात, किंवा पक्षी तरी वेचतात. जी पिल्ले बाहेर येतात, त्यांना सुरुवातीला पंख नसतात. ती आधी बांधावरच्या गवतावर जगतात आणि मग भातात उतरतात. पूर्ण पंख शेवटची कात टाकल्यावरच येतात, तोवर त्यांना आवरणे सोपे असते.