एका नावाचा अभ्यास

गेल्या काही वर्षांत आपल्या विद्यापीठांतून 'संस्कृती अभ्यास' नावाची एक विद्याशाखा शिकवली जाऊ लागली आहे. साहित्य, समाजशास्त्र, पत्रकारिता, इतिहास अशा निरनिराळ्या विभागांच्या अभ्यासक्रमांत तिचा शिरकाव झाला आहे. संस्कृती, अर्थनिर्मिती, धुरीणत्व, अस्मिता, लोकप्रिय संस्कृती हे तिचे कळीचे शब्द. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत पाच गुणांची टीप लिहितात आणि उन्हाळ्याच्या सुटीत विसरून जातात. मी इतिहास शिकवतो. मला असे वाटते की, हे शब्द समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावरचे नाव नीट वाचता आले, तरी यातले बरेचसे उमगते.

आधी या विद्याशाखेचे मूळ पाहू. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली रिचर्ड हॉगर्ट यांनी समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले. त्यांच्यानंतर मूळचे जमैकाचे असलेले स्टुअर्ट हॉल यांनी त्याची धुरा वाहिली. रेमंड विल्यम्स हे या परंपरेतले तिसरे मोठे नाव. ते वेल्सच्या सीमेवरील एका रेल्वे सिग्नलमनचे चिरंजीव. हॉगर्ट आणि विल्यम्स या दोघांनीही ऐन उमेदीची वर्षे प्रौढांना शिकवण्यात घालवली. दिवसभर काम करून वर्गात येणाऱ्या माणसांना 'तुमच्यापाशी संस्कृती नाही, ती आम्ही तुम्हाला देतो', असे सांगणे त्यांना पटेना. संस्कृती म्हणजे केवळ अभिजात काव्य, शास्त्रीय संगीत आणि चित्रांची दालने नव्हेत. माणसे जगताना जे अर्थ घडवतात ते सारे संस्कृतीतच येते, अशी त्यांची भूमिका होती. ते बर्मिंगहॅमचे केंद्र २००२ साली बंद झाले, पण तोवर हा विचार जगभर पसरला होता.

आपल्या 'संस्कृती' या शब्दालाही इतिहास आहे. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी नोंदवले आहे की, आजच्या अर्थाने हा शब्द त्यांनी १९२२ साली पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून ऐकला. बंगालीत त्या वेळी 'कृष्टी' हा शब्द रूढ होत होता. नांगरटीशी नाते सांगणारा तो शब्द रवींद्रनाथांना रुचत नव्हता. 'संस्कृती' त्यांना पसंत पडला. म्हणजे हा शब्द मराठीतून बंगालीत गेला, असे म्हणता येते. पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नांगर गेला आणि संस्कार आला. 'सुसंस्कृत' म्हटले की समोर एक विशिष्ट घर, विशिष्ट भाषा, विशिष्ट पेहराव उभा राहतो. आणि 'असंस्कृत' म्हटले की, कोण उभे राहते? ते ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो? संस्कृती अभ्यासाचा पहिला प्रश्न हाच आहे.

तो प्रश्न या शहरात बर्मिंगहॅमची वाट न पाहता विचारला गेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. निजामी राजवट संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. मराठवाड्यातल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम होते उर्दू. या नव्या महाविद्यालयाला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि परिसराला 'नागसेनवन'. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन हा त्याला उत्तरे देणारा भिक्खू. शिक्षण म्हणजे सत्ताधीशानेही विद्वानापुढे बसून प्रश्न विचारणे, हा अर्थ त्या दोन नावांत भरला आहे. नावे अशी निरागस नसतात, हा आपला दुसरा धडा.

याच मिलिंद महाविद्यालयात १९६०च्या दशकात प्राचार्य म. ना. वानखेडे आणि प्रा. गंगाधर पानतावणे यांच्याभोवती लिहित्या मुलांचा मेळा जमला. अमेरिकेत शिकून आलेल्या वानखेडे यांनी तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले. १९६७ साली 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले. पुढे त्याचे 'अस्मितादर्श' झाले आणि पानतावणे सरांनी ते त्रैमासिक अनेक दशके चालवले. 'आमच्याविषयी इतरांनी लिहिलेले पुष्कळ झाले, आता आमचे आम्ही लिहू', ही यामागची भूमिका होती. संस्कृती अभ्यासात ज्याला 'प्रतिनिधित्वाचा प्रश्न' म्हणतात, तो हाच. कोण कोणाचे चित्र काढतो आणि त्या चित्रातल्या माणसाला बोलता येते का, असा तो साधा प्रश्न आहे.

आता मूळ नावाकडे येऊ. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यापाठोपाठ मराठवाड्यात जे घडले, ते आजच्या विद्यार्थ्यांच्या जन्माच्या फार आधीचे आहे. गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. माणसांना घरेदारे सोडून परागंदा व्हावे लागले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची ४ ऑगस्ट १९७८ रोजी हत्या झाली.

इथे अभ्यासकाने थांबून विचारायला हवे. ज्या गावांनी विद्यापीठ कधी पाहिले नव्हते, जिथून एखादाच मुलगा महाविद्यालयापर्यंत पोचला असेल, तिथे विद्यापीठाच्या नावावरून झोपड्या का पेटाव्यात? कारण त्या नावात इतर बरेच अर्थ साठले होते. दलितांनी पिढीजात गावकीची कामे नाकारली होती. काहींनी गायरान जमिनी कसायला घेतल्या होत्या. पोरे शिकून सरकारी नोकरीत जाऊ लागली होती. नाव हे या सगळ्याचे चिन्ह बनले. चिन्हाचा अर्थ शब्दकोशात ठरत नाही, तो माणसांच्या परस्परसंबंधांत ठरतो. हे वाक्य पाठ करायला सोपे आहे. त्याची किंमत १९७८ सालच्या मराठवाड्यात मोजली गेली.

नामांतराला विरोध करणाऱ्यांतही सगळे एका माळेचे मणी नव्हते. काहींच्या मनात उघड जातिद्वेष होता. पण हैदराबाद मुक्तिसंग्रामात झिजलेली काही आदरणीय माणसेही विरोधात होती आणि ती 'मराठवाड्याची अस्मिता' हा शब्द वापरत होती. निजामाशी लढून मिळवलेले हे नाव पुसू नका, असे त्यांचे म्हणणे होते. या भावनेला इतिहासाचा आधार नव्हता, असे मी म्हणणार नाही. मात्र 'मराठवाडा' म्हणताना त्यात गावकुसाबाहेरचा मराठवाडा धरला होता का, हा प्रश्न उरतोच. इटालियन विचारवंत अंतोनिओ ग्रामची याने मुसोलिनीच्या तुरुंगात धुरीणत्वाचा विचार मांडला तो असा, की सत्ता नुसत्या दंडुक्यावर टिकत नाही. वरच्यांचे हित हे सगळ्यांचेच हित आहे, असे खालच्यांनाही वाटू लागते, तेव्हा ती टिकते. 'प्रदेशाची अस्मिता' या शब्दात सगळे सामावल्यासारखे वाटते आणि नेमके कोण वगळले गेले, ते दिसत नाही. तिथे धुरीणत्व काम करीत असते. नामांतराच्या लढ्याने ते उघडे पाडले. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला, तेव्हा वगळलेली माणसे रस्त्यावर दिसू लागली. समाजवादी विचारांचे अनेक सवर्ण कार्यकर्तेही या लढ्यात उतरले, हेही सांगितले पाहिजे.

या लढ्याला पूर्णविराम मिळायला सोळा वर्षे लागली. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठ 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झाले. मराठवाडा राहिला आणि आंबेडकरही आले. याला सरकारी भाषेत शब्द मिळाला 'नामविस्तार'. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि आधीच्या विद्यापीठाचे क्षेत्र विभागले गेले.

स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली दूरचित्रवाणीविषयी लिहिताना एक मांडणी केली होती. संदेश पाठवणारा त्यात एक अर्थ भरतो, पण घेणारा तो तीन प्रकारे वाचू शकतो. एक, पाठवणाऱ्याला हवा तसा. दोन, थोडे मान्य करून, थोडी घासाघीस करून. तीन, सरळ उलटा. हे तिन्ही प्रकार आपल्याकडे एका शब्दात सापडतात. सरकारी परिपत्रकात तो 'नामविस्तार दिन'. काही जण म्हणतात, 'विस्तार तर विस्तार, नाव लागले हे महत्त्वाचे.' आणि ज्यांच्या घरातले कोणी त्या लढ्यात होते, ते आजही 'नामांतर' असेच म्हणतात. त्यांच्या लेखी तडजोडीच्या शब्दाने हुतात्म्यांची नोंद करता येत नाही. एकच तारीख, एकच पाटी आणि वाचने तीन.

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी दूरदूरच्या गावांतून माणसे येतात. कमानीपुढे नतमस्तक होतात, भीमगीते ऐकतात, लेकरांचे फोटो काढतात आणि पुस्तके विकत घेतात. विद्यापीठाच्या कमानीला हात जोडणारी आणि तिथून पुस्तक घेऊन घरी जाणारी जत्रा मला तरी दुसरीकडे आढळलेली नाही. लोकप्रिय संस्कृती म्हणजे हलकीफुलकी करमणूक, असा समज असतो. भीमगीतांनी तो खोडून काढला आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत संविधान आणि धम्म वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांच्या आवाजातून पोचला.

या शहराने इतरही नावे पाहिली आहेत. मूळच्या इथिओपियाच्या, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने १६१० साली खडकीला शहर वसवले. ते पुढे फतेहनगर झाले, नंतर औरंगाबाद आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. प्रत्येक नावामागे त्या त्या काळाची सत्ता आणि स्मृती आहे. यातले एखादे नाव प्रिय, एखादे अप्रिय असणे स्वाभाविक आहे. अभ्यासकाचे काम त्यापुढे सुरू होते: हे नाव कोणी दिले, कोणाच्या आठवणी त्याने पुढे आणल्या आणि कोणाच्या मागे ढकलल्या?

शेवटी आजच्या मुलांच्या तोंडचा एक शब्द. आपले विद्यापीठ त्यांच्या बोलण्यात 'बामू' असते. इंग्रजी आद्याक्षरांचे ते लघुरूप. त्यात खोडसाळपणा नाही, लांब नाव आखूड करायची सोय आहे. पण ज्या नावासाठी वस्त्या जळाल्या, ज्यासाठी नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी १९९३ साली आत्मदहन केले, ते नाव या दोन अक्षरांत ऐकू येत नाही. आठवण कोणी बळाने पुसावी लागते असे नाही, सोयीनेही ती पुसली जाते. मी वर्गात हे सांगतो आणि मुलांना एक काम देतो. घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, १९७८च्या पावसाळ्यात आपल्या गावात काय झाले होते? आपण कोणत्या बाजूला होतो? काही घरांतून भरभरून उत्तरे येतात, काहींतून विषय बदलला जातो. तो बदललेला विषयही वहीत लिहून आणा, असे मी सांगतो. अभ्यासाला तिथूनच सुरुवात होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)