साद, पडसाद आणि प्रतिसाद

गंगापूरहून कायगावला आलं की गोदावरी लागते, पलीकडे प्रवरासंगम. आमच्या भागात नदीला गंगाच म्हणतात. पूल नव्हते तेव्हा पैलतीरावरच्या नावाड्याला साद घालायची आणि तिकडून 'ओ' यायची वाट पाहायची. ह्या 'साद'चं मला कुतूहल आहे, कारण तिची कुळकथा ह्याच नदीकाठची.

संस्कृतात 'शब्द' म्हणजे आधी ध्वनी, मग बोल. महाराष्ट्री प्राकृतात त्याचा 'सद्द' झाला. कर्णाचा कण्ण आणि कण्णाचा कान, तशी सद्दाची साद. ही गाथासप्तशतीची भाषा. गाथांचा संग्राहक मानला जाणारा हाल सातवाहन कुळातला, आणि सातवाहनांचं पैठण इथून खाली ह्याच नदीवर!

प्रतिध्वनीला संस्कृतात 'प्रतिशब्द' असंही म्हणत. प्राकृतात त्याचं 'पडिसद्द' आणि मराठीत 'पडसाद' झालं. पुढे पंडितांनी 'प्रतिशब्द' संस्कृतातून पुन्हा आणला, पण पर्यायी शब्द ह्या अर्थानं. शिवाय संस्कृत 'प्रति'ला घरची 'साद' जोडून 'प्रतिसाद' घडला. जोडी एकच, जन्म तीन. त्यांतला 'प्रतिसाद' मला सर्वांत मराठी वाटतो, शुद्धीवाले काहीही म्हणोत.

फकीर दारात हाक देतो, तिला उर्दूत 'सदा' म्हणतात. साद आणि सदा बहिणी वाटतात ना? नात्यानं काहीच नाहीत. 'सदा' अरबी, तिथं मूळ अर्थ प्रतिध्वनी. फारसीत ती आवाज झाली आणि उर्दूतून आमच्या ओसरीपर्यंत आली.

सप्टेंबर 1948 पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं आणि दफ्तर उर्दूत. सरकारी हुकूम पुकारण्याला उर्दूत मुनादी म्हणत, मराठीत दवंडी. मुनादीच्या मुळाशी अरबी 'निदा' आहे, म्हणजे हाकच. पण ह्या हाकेला 'ओ' द्यायची सोय नाही! सारा भरा म्हटलं की भरायचा. ऐकणाऱ्याला दफ्तराची भाषा कळते का, हे विचारतो कोण?

ही दवंडी निजामाबरोबर गेली असंही नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश 21, नियम 54 मध्ये, जमीन जप्त करताना तिथं किंवा जवळपास ढोल वाजवून, अथवा रूढ असेल त्या रीतीनं, हुकूम पुकारावा असं आजही लिहिलेलं आहे. हुकुमाची एक प्रत जमिनीवर ठळक जागी लावायची, दुसरी न्यायालयात. शेतकरी त्या वेळी बाजाराला गेला असेल तर ढोल त्याच्यासाठी थांबत नाही.