प्राचीन इजिप्तमधील राजसमाधी : वास्तुरचना, सुरक्षितता आणि राज्ययंत्रणा

प्रस्तावना

प्राचीन इजिप्तमधील राजसमाधींचा विचार बहुधा गिझाच्या पिरॅमिडांपासून सुरू होतो आणि तुतनखामुनच्या सुवर्णमुखवट्यापाशी येऊन थांबतो. पिरॅमिडचा त्याग करून राजांनी डोंगरात समाधी का खोदल्या, या प्रश्नाला चोरांची भीती हे एकच उत्तर दिले जाते. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. समाधीच्या भिंती किती भक्कम होत्या यापेक्षा तिची राखण करणारी माणसे आणि त्यांना वेतन देणारी राज्ययंत्रणा किती सक्षम होती, यावर राजाच्या दफनाचे भवितव्य अवलंबून होते. राजसमाधींच्या वास्तुरचनेचा विकास प्रस्तुत लेखात या दृष्टीने तपासला आहे.

मस्तबा ते पिरॅमिड

मृत्यूनंतरच्या जीवनासाठी देह अखंड राहिला पाहिजे आणि मृताला अन्नपाण्याचे अर्पण नित्य मिळाले पाहिजे, अशी इजिप्शियनांची श्रद्धा होती. त्यामुळे राजसमाधीला दोन परस्परविरोधी कार्ये पार पाडावी लागत. दफनगृह कायमचे बंद राहावयाचे आणि पूजास्थान नित्य उघडे असावयाचे. समाधीच्या वास्तूत पुढे जे बदल घडले, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी या विरोधात आहे.

पहिल्या घराण्यातील राजांचे दफन अबायडॉस येथे, कच्च्या विटांनी बांधलेल्या भूमिगत कक्षांत होत असे. सक्कारा येथील उच्चपदस्थांच्या समाधींवर मस्तबा नावाचा सपाट माथ्याचा आयताकृती चौथरा उभारला जाई. तिसऱ्या घराण्यातील राजा झोसर याच्यासाठी इ.स.पू. २६५० च्या सुमारास सक्कारा येथे सहा टप्प्यांचा, सुमारे ६० मीटर उंचीचा दगडी पिरॅमिड उभा राहिला. त्याच्या रचनेचे श्रेय परंपरेने इम्होतेप यास दिले जाते. चौथ्या घराण्याचा संस्थापक स्नेफरू याने दहशूर येथे बांधलेल्या एका पिरॅमिडच्या बाजूंचा उतार निम्म्या उंचीवर कमी करावा लागला. दहशूरच्याच पुढील पिरॅमिडमध्ये मात्र सरळ बाजूंची रचना साध्य झाली. त्याचा पुत्र खुफू याचा गिझा येथील पिरॅमिड मूळचा सुमारे १४६ मीटर उंच असून त्याच्या पायाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर आहे.

पिरॅमिड ही एकटी वास्तू नव्हती. पूर्वेस पूजामंदिर, तेथून खाली जाणारा बांधीव मार्ग आणि नदीच्या बाजूस दुसरे मंदिर असा तो संकुलच होता. दफन आणि पूजा एकाच ठिकाणी असल्यामुळे राजा कोठे आहे हे सर्वांस ठाऊक असे. मध्य राज्याच्या काळात यावर रचनेतून उपाय शोधण्यात आला. आमेनेमहात तिसरा याच्या हवारा येथील पिरॅमिडमध्ये आंधळे मार्ग आणि छतात दडवलेल्या वाटा होत्या. दफनगृह तर १०० टनांहून अधिक वजनाच्या एकाच शिळेतून कोरलेले होते. फ्लिंडर्स पेट्री याने १८८९ मध्ये त्यात प्रवेश केला, तेव्हा ते प्राचीन काळीच लुटले गेल्याचे आढळले.

राजांची दरी

नव्या राज्याच्या आरंभी दफन आणि पूजा यांची फारकत झाली. पूजामंदिरे नाईलच्या पश्चिम तीरावर, शेतीच्या कडेला उभी राहिली, तर समाधी डोंगरापलीकडील दरीत गेल्या. थटमोस पहिला याची समाधी आपण कोणाच्याही नकळत खोदवून घेतली, असे त्याचा अधिकारी इनेनी याच्या लेखात नमूद आहे. थटमोस तिसरा याच्या समाधीचे द्वार कड्याच्या कपारीत, दरीच्या तळापासून बरेच उंच आहे. दरीवरील डोंगराचे शिखर पिरॅमिडसारखे दिसते, ही बाबही स्थळनिवडीमागे असावी. म्हणजेच जुन्या प्रतीकाचा पूर्ण त्याग झाला नव्हता.

आरंभीच्या समाधींचा मार्ग वळणे घेत जातो. पुढे तो सरळ होत गेला. सेती पहिला याच्या समाधीची लांबी १३० मीटरांहून अधिक असून तिच्या भिंती सूर्याच्या रात्रीच्या प्रवासाच्या चित्रांनी व लेखांनी भरलेल्या आहेत. विशेष असे की, विसाव्या घराण्यातील समाधींची प्रवेशद्वारे रुंद, अलंकृत आणि उघड दिसणारी आहेत. लपविणे हाच एकमेव हेतू असता तर असे घडले नसते. या काळात भिस्त गुप्ततेवर नव्हती. ती मोहोर, पहारा आणि तपासणी यांवर होती.

यंत्रणेचा ऱ्हास

समाधी खोदणारे कारागीर देर अल-मदीना या वसाहतीत राहत. त्यांचे वेतन प्रामुख्याने धान्याच्या रूपाने सरकारी कोठारातून येई. रामसेस तिसरा याच्या २९ व्या राज्यवर्षी धान्य थकल्यामुळे त्यांनी काम थांबविले आणि ते राजमंदिरांपाशी जाऊन बसले. तुरीन येथील पपायरसमध्ये ही घटना नोंदलेली आहे.

सुमारे अर्ध्या शतकानंतर, रामसेस नववा याच्या १६ व्या राज्यवर्षी, समाधीचोरीची चौकशी झाली. सतराव्या घराण्यातील राजा सोबेकेमसाफ याची समाधी फोडणाऱ्यांत आमेनपनुफेर हा पाथरवट होता. त्याच्या जबानीनुसार आठ जणांनी १६० देबेन, म्हणजे सुमारे साडेचौदा किलो सोने वाटून घेतले. पकडला गेल्यावर आपला वाटा एका लेखनिकास देऊन तो सुटला व पुन्हा साथीदारांत सामील झाला. दगड फोडण्याचे कसब असलेला मनुष्य आणि लाच घेणारा अधिकारी एकत्र आल्यावर कोणतीही वास्तुरचना पुरेशी ठरणे शक्य नव्हते.

एकविसाव्या घराण्याच्या काळात थीब्जच्या पुरोहितांनी राजांच्या ममी एकत्र करून गुप्त ठिकाणी हलविल्या. देर अल-बहरीजवळील असा एक साठा १८८१ मध्ये उघडकीस आला; त्यात सेती पहिला व रामसेस दुसरा यांचे देह होते. या स्थलांतराच्या वेळी उरलेली मौल्यवान वस्तू शासनानेच काढून घेतली, असे अनेक अभ्यासक मानतात. उत्तरेतील तानिस येथे पियर माँते यास १९४० मध्ये सुसेनेस पहिला याचे अभंग दफन मिळाले. त्याची बाहेरची दगडी शवपेटी एकोणिसाव्या घराण्यातील मेरेनप्ताह या राजाची होती. पूर्वजाच्या समाधीतून ती थेट राजदफनासाठी आली, यावरून लूट केवळ चोरांपुरती मर्यादित नव्हती हे स्पष्ट होते. तानिसच्या समाधी मंदिराच्या आवारातच बांधलेल्या होत्या, हेही लक्षणीय आहे. निर्जन दरीचा मार्ग सोडून राजे पुन्हा वस्तीच्या आश्रयाला आले होते.

समारोप

तुतनखामुनची समाधीही प्राचीन काळी दोनदा फोडली गेली होती. हॉवर्ड कार्टर यास १९२२ मध्ये ती जवळजवळ भरलेली मिळाली, याचे श्रेय तिच्या रचनेस देता येत नाही. पुराचा गाळ आणि त्यावर उभारलेल्या मजुरांच्या झोपड्या यांमुळे तिचे द्वार विस्मृतीत गेले होते. पिरॅमिडचे वजन, हवाऱ्याची अखंड शिळा आणि दरीतील एकांत यांपैकी कशानेही राजाचे कायमचे रक्षण केले नाही. कारागिराच्या घरी धान्य वेळेवर पोहोचत होते आणि मोहोर तपासणारा अधिकारी आपले कर्तव्य बजावत होता, तोवरच राजसमाधी सुरक्षित होत्या. म्हणूनच राजसमाधींचा इतिहास हा वास्तुकलेइतकाच प्रशासनाचाही इतिहास ठरतो.