परवान्यावरचा कोकणी माणूस

गोपाळ कृष्ण गोखले २२ ऑक्टोबर १९१२ रोजी केपटाऊनच्या बंदरात उतरले. पुढचे काही आठवडे ते दक्षिण आफ्रिकेत हिंडले आणि गांधीजी त्यांच्याबरोबर होते. या दौऱ्यावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. परंतु त्यातला आपल्या कामाचा प्रसंग सहसा कोणी सांगत नाही. जोहान्सबर्गमध्ये खास हिंदी लोकांची सभा भरायची होती. गोखल्यांना इंग्रजीत बोलणे सोयीचे होते. गांधीजींनी मात्र त्यांना मराठीत बोलण्याचा आग्रह केला. जोहान्सबर्गमधल्या कोकणी मुसलमानांनी आणि महाराष्ट्रातल्या हिंदूंनी गांधीजींकडे तशी मागणीच केली होती. आपल्या मायबोलीत गोखल्यांना ऐकायचे, एवढीच त्यांची इच्छा. भाषांतर मी करतो, असे गांधीजी म्हणाले, तेव्हा गोखल्यांनी त्यांच्या मराठीच्या ज्ञानाची यथेच्छ थट्टा केली. पण ते मराठीत बोलले, आणि तिथून थेट झांजीबारपर्यंत अशा सभांमध्ये मराठीतच बोलत राहिले. गांधीजींनी आपल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात हे सविस्तर लिहून ठेवले आहे.

आपल्यातल्या प्रत्येकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा ऐकावे लागते, 'तुम्ही मराठी इतके छान कसे बोलता?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, हेच त्यातले दुखणे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही मराठीवर आपला हक्क आहे हे पुन्हा नव्याने सांगावे लागले. त्याच्या अठ्ठ्याहत्तर वर्षे आधी, हजारो मैलांवर, शाळेचे तोंडही नीट न पाहिलेले असतील अशा माणसांनी हा हक्क सहजपणे बजावला होता. त्यांना तो सिद्ध करायचा नव्हता. फक्त आपल्या मुलुखातला मोठा माणूस आपल्या भाषेत बोलावा असे त्यांना वाटत होते. गोखले मूळचे गुहागरजवळच्या कोतळूकचे. म्हणजे बोलणारा आणि ऐकणारे दोघेही कोकणचेच!

हा इतिहास आम्हांला चिखलीत बसून वाचावासा वाटतो, त्याला आणखी एक कारण आहे. इंद्रायणीकाठचे हे टाळगाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्याआधीच आसपास कारखाने उभे राहिले होते आणि आज इथल्या चाळींतून आणि सोसायट्यांतून मराठवाडा, खानदेश, कोकण, उत्तर प्रदेश, बिहार अशी सगळीकडची माणसे राहतात. एकीकडे माणसे इथे पोटासाठी येतात आणि दुसरीकडे इथूनच कोणी आखातात, तर चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत अनुभव घेतलेला एखादा तरुण जर्मनीत जातो. परमुलुखात जाऊन वसणे म्हणजे नक्की काय, हे येणाऱ्यालाही कळायला हवे आणि जाणाऱ्यालाही.

दक्षिण आफ्रिकेतले हिंदी लोक म्हटले की आपल्याला गिरमिटिये आठवतात. १८६० ते १९११ या काळात सुमारे दीड लाख मजूर करारावर नाताळच्या उसाच्या मळ्यांत गेले. कोकणी मुसलमान त्यांत नव्हते. ते स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गेले. त्यामुळे इतिहासात त्यांना 'पॅसेंजर' हिंदी म्हणतात आणि हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर गुजराती व्यापारी येतो, पेढी येते. आपली माणसे पेढीवाली नव्हती. खोताच्या जमिनीवर राबून भात पुरत नव्हते, डोंगरउतारावर वरी-नाचणी किती पिकणार? समुद्र मात्र ओळखीचा होता. कोकणातला मुसलमान मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी होत होता, भट्टीत कोळसा ओढत होता. १८६७ नंतर किंबर्लेचे हिरे आणि १८८६ नंतर जोहान्सबर्गचे सोने यांच्या गोष्टी त्याच बोटींवरून परत येत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या गावांतून माणसे केपटाऊनला जाऊ लागली. कोणी फेरीवाला झाला, कोणी दुकानात नोकर, कोणी मजूर. काहींनी पुढे स्वतःची छोटी दुकाने टाकली.

केपटाऊनमध्ये उतरल्यावर त्यांना एक आधार अनपेक्षितपणे मिळाला असणार. तिथे आधीपासून मुसलमान होते. डच कंपनीने जावा, सुमात्रा आणि आसपासच्या बेटांतून, तसेच हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरूनही, गुलाम आणि राजकैदी म्हणून आणलेल्यांचे ते वंशज. त्यांना 'केप मलाय' म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी पहिली मशीद उभारली होती. ते शाफई पंथाचे आणि आपला कोकणीही शाफई! गुजराती व्यापारी हनफी होते. मशिदीत आमीन मोठ्याने म्हणायचे की मनात, फजरला कुनूत पढायचा की नाही, या गोष्टी बाहेरच्याला क्षुल्लक वाटतील. पण नव्या गावात पहिल्या शुक्रवारी शेजारच्या माणसाची नमाज आपल्यासारखीच निघाली, तर मनावरचे ओझे किती उतरते हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. मलाय घरांशी सोयरिकी जुळणे त्यामुळे सोपे झाले. या मलाय मुसलमानांनी आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहिली, मदरशातली धर्माची पुस्तके तीत तयार केली. गोऱ्यांना ती आपलीच भाषा वाटते, पण तिच्या सुरुवातीच्या लिखाणात मुसलमानांचा मोठा वाटा आहे. तिथेही 'तुम्ही आमची भाषा इतकी छान कशी बोलता?' असे कोणी विचारीत असेल काय, कोण जाणे.

मशीद मिळाली, शेजार मिळाला. अडचण सरकारी कचेरीत होती. केप वसाहतीने १९०२ साली कायदा केला की बाहेरून येणाऱ्याला युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहून सही करता आली पाहिजे. कायद्यात हिंदी माणसाचे नाव कुठेही नव्हते, पण रोख कोणावर होता ते उघड होते. गंमत अशी की यात पूर्व युरोपातून येणारे गरीब ज्यूही अडकले, कारण त्यांची यिडिश भाषा हिब्रू लिपीत लिहितात. तिथल्या ज्यूंनी खटपट केली आणि १९०६ च्या नव्या कायद्याने यिडिशला युरोपीय भाषा मानले. मराठी, उर्दू, गुजराती, तमिळ बाहेरच राहिल्या. भाषा ही कधी दार होते, कधी कुलूप. अलीकडेपर्यंत जर्मनीत कुशल नोकरीला गेलेल्याच्या बायकोला तिकडे जायचे तर साधारणपणे जर्मनची पहिली पायरी उत्तीर्ण झाल्याचा दाखला लागत असे. २००७ पासून २०२२ च्या अखेरीपर्यंत तसा नियम होता. मोठ्या पगाराच्या 'ब्लू कार्ड'वाल्याला त्यातून सूट होती. ही तुलना आम्ही फार ताणणार नाही. जर्मनीतली परीक्षा अभ्यास करून देता येते. केपमधली अट माणूस अडवण्यासाठीच होती.

१९०६ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे परवाना. केपमध्ये आधीपासून राहणाऱ्या हिंदी माणसाला मुलुखात जाऊन यायचे असेल तर तात्पुरत्या गैरहजेरीचा परवाना काढावा लागे. त्यासाठी फी, त्यावर छायाचित्र, पुढे अंगठ्याचे ठसे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुदत. त्या तारखेच्या आत परत आले पाहिजे. परत यायला उशीर झाला की परवाना गेला, आणि परवान्याबरोबर वर्षानुवर्षे केलेली वस्तीही गेली. कोकणातल्या घराचा विचार करा. माणूस पाच-सहा वर्षांनी येतो. बहिणीचे लग्न लावायचे आहे, घर शाकारायचे आहे, गहाण जमीन सोडवायची आहे, बाप आजारी आहे. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरची बोट-वाहतूक बंद. दाभोळहून मुंबई, मुंबईहून आफ्रिकेच्या बोटीत जागा मिळेपर्यंत मुसाफिरखान्यात मुक्काम. मुदत मात्र बोट सुटली की मोजली जातेच आहे. केपटाऊनच्या विद्यापीठांतून शिकवलेल्या इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी या फायली वर्षानुवर्षे वाचल्या. त्यांच्या लेखनामुळेच 'पॅसेंजर' म्हणजे व्यापारीच हा समज मोडला आणि केपचा कोकणी कामगार इतिहासात आला. हे काम मराठीत यायला हवे होते. आपल्यापैकी कोणी अजून हात घातलेला दिसत नाही.

याच फायलींत 'खोट्या मुलां'चे प्रकरण आहे. कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलाला बापाकडे जाता येत असे. पुतण्याला, भाच्याला, मेहुण्याला नाही. मग काय होणार? पुतण्या मुलगा झाला. वयाचा दाखला मिळवला गेला, सतराचा पंधरा झाला. बंदरावर अधिकारी बापाला एकीकडे आणि मुलाला दुसरीकडे बसवून विचारीत की घर कोणत्या दिशेला आहे, चुलते किती, आजीचे नाव काय. उत्तरे जुळली नाहीत तर परतीची बोट. यात बनवाबनवी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचा मुलगा आपला म्हणून आणणारेही होते. पण आपल्या कुटुंबात पुतण्या हा मुलगाच असतो आणि चुलता हा बाप, हे त्या कचेरीला समजावून सांगणार कोण? एकत्र कुटुंबाचा हिशेब एका रकान्यात बसत नव्हता. त्यापायी काही मुले आयुष्यभर दुसऱ्या बापाच्या नावाने जगली. निकाहनाम्यावर आणि कबरीवर कोणते नाव घालायचे हा प्रश्न त्या घरांपुढे नंतर उभा राहिलाच असेल.

बायकांचे काय? या इतिहासातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. हसन इसप नावाच्या माणसाने मुलुखात निकाह केलेल्या बाई मरियम यांना आणले होते. त्यांना उतरू देण्यास नकार मिळाला. ज्या धर्मात एकाहून अधिक बायकांची मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने झालेले लग्न इथे लग्न नव्हे, असा त्या निकालाचा अर्थ होता. एका फटक्यात हिंदू-मुसलमान सगळ्यांच्याच बायका बेकायदा ठरल्या. कस्तुरबा आणि इतर स्त्रिया त्याच वर्षी सत्याग्रहात उतरल्या, त्याला हे मोठे कारण होते. १९१४ च्या कायद्याने एका पत्नीपुरती ही लग्ने मान्य झाली. सत्याग्रहाचा इतिहास इथे विजयाने संपतो. पण ज्या मुसलमान स्त्रीच्या नकारातून हे सारे उभे राहिले, त्या बाई मरियमची आठवण आपणही ठेवली नाही.

कायद्याने मुभा मिळाली तरी कोकणातल्या बहुतेक बायका गेल्याच नाहीत. घर, म्हातारे सासू-सासरे, जमीन कोणी पाहायची? शिवाय बायको गावी असली की नवऱ्याचे मन गावी राहते, असा वडीलधाऱ्यांचा हिशेब. नवरा चार-पाच वर्षांनी काही महिन्यांसाठी येई आणि त्याच्या परवान्याच्या मुदतीवर तिचा संसार चाले. १९२७ साली केपटाऊन करारानंतर नियम बदलले. आईला मागे ठेवून एकट्या मुलाला आणणे अवघड झाले, आणि सलग तीन वर्षांहून अधिक बाहेर राहिलेल्याचा रहिवासाचा हक्क संपू लागला. शेवटचा घाव वर्णद्वेषी राजवटीने घातला. १९५३ च्या कायद्याने बाहेरून बायका-मुले आणण्याचा मार्गच बंद केला. फेब्रुवारी १९५६ नंतर दरवाजा पूर्ण लागला. इकडची बायको की तिकडची रोजी, दोन्हींतले एक सोडायची वेळ आली. काही परत आले. काहींनी तिकडे दुसरा निकाह केला. कोकणातल्या गावांत नवऱ्याच्या जिवंतपणी विधवेसारख्या राहिलेल्या बायका होत्या. त्यांच्यावर मराठीत कादंबरी झाली नाही याचे आम्हांला नवल वाटते. आखाताची कथा १९७० नंतरची, आणि तिच्यावर निदान थोडेतरी लिहिले गेले आहे. आखातात कोणी वसायला जातच नाही, करार संपला की परतणे ठरलेलेच असते. केपला गेलेला माणूस वसायला गेला होता आणि त्याला वसू दिले जात नव्हते, हा फरक मोठा आहे.

वसलेल्यांनाही चैन नव्हते. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने कोणत्या वंशाने शहरात कुठे राहायचे ते ठरवले. १९६६ साली डिस्ट्रिक्ट सिक्स ही केपटाऊनची मिश्र वस्ती गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांच्या आसपास माणसे तिथून हलवली गेली. घरे पाडली, मशिदी आणि चर्च तेवढी उभी राहिली. हिंदी लोकांना रायलंड्ससारख्या वस्त्यांत जावे लागले. आमच्या शेजारच्या कुदळवाडीत फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने भंगाराची गोदामे, वर्कशॉप, दुकाने अशी चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. तिथे वंश पाहून घरे काढली. इथे बांधकामे विनापरवाना होती, आगी लागत होत्या, नदीत घाण जात होती, असे पालिकेचे म्हणणे होते. तरी वीस-पंचवीस वर्षे इथे धंदा केलेला माणूस रिकाम्या जागेसमोर हातात भाडेपावती, वीजबिल घेऊन उभा असतो, तेव्हा केपच्या फायलींतला तो माणूस आठवतो खरा. त्याच्याकडेही कागद बरेच होते. नेमका हवा होता तोच नव्हता.

केपटाऊनमध्ये कोकणी बोलणारी म्हातारी माणसे आता थोडी उरली आहेत. नातवंडे इंग्रजी बोलतात. १९४६ साली हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, १९९३ नंतर संबंध पुन्हा सुरळीत झाले. मधल्या पन्नास वर्षांत जाणे-येणे आणि पत्रे दोन्ही विरळ झाली. आता तिकडची काही मंडळी आजोबांचे गाव शोधीत कोकणात येतात, आणि आजोबांचा तरुणपणीचा चेहरा त्यांना मिळतो तो केपटाऊनच्या अभिलेखागारातल्या परवान्याच्या अर्जावर. तिथे टोपी घातलेला, कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारा माणूस असतो. गाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण, सारे लिहिलेले असते. आजीचा असा कागद बहुधा सापडत नाही. ती बोटीत बसलीच नव्हती.