वेल्डच्या जोडाची ताकद
मँचेस्टरचे कारखानदार विल्यम फेअरबर्न यांनी १८३८ च्या सुमारास लोखंडी प्लेटांचे तुकडे रिव्हेटांनी जोडले, ते तुटेपर्यंत ओढले आणि प्रत्येक वेळी लागलेला भार टिपून ठेवला. अखंड प्लेटची ताकद १०० धरली तर रिव्हेटांच्या दोन ओळींचा जोड ७० ला आणि एका ओळीचा ५६ ला तुटतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. बॉयलर आणि जहाजे बांधणाऱ्यांना हे आकडे पुढे कित्येक दशके पाठ होते. जोडाची ताकद मूळ प्लेटच्या टक्केवारीत सांगायची पद्धत या आकड्यांनी रुळवली, आणि तीच पुढे वेल्डिंगला वारशाने मिळाली. 'जोडाची कार्यक्षमता' हे तिचे पुस्तकी नाव.

रिव्हेटच्या जोडाचा हिशोब डोळ्यांना दिसतो. भोकांनी प्लेटचे किती लोखंड खाल्ले, दोन भोकांच्या मध्ये किती उरले, रिव्हेटची दांडी किती जाड आणि अशा किती दांड्या एकदम कातरल्या जायला हव्यात, एवढे मोजले की काम झाले. सैल रिव्हेट हातोडीने ठोकल्यावर वेगळा वाजतो. वेल्डमध्ये असे मोजण्याजोगे काही नसते. धातू वितळतो, थिजतो आणि वरून सारखीच दिसणारी पट्टी मागे राहते. आत हवेचा बुडबुडा आहे, मळी अडकली आहे की कड नीट वितळलीच नाही, हे बाहेरून कळत नाही. वेल्डच्या हिशोबात धातूच्या ताकदीइतकीच या न दिसणाऱ्या भागाची किंमत ठरवावी लागली, आणि तीच जास्त अवघड ठरली.

लोहाराच्या भट्टीतला जोड याहून कितीतरी जुना. दिल्लीचा सात मीटर उंचीचा लोहस्तंभ लोखंडाचे गोळे तापवून आणि ठोकून एकजीव केलेला आहे, आणि सोळाशे वर्षांनंतरही तो उभा आहे. तिथे हमी कारागिराच्या हाताची होती; आकड्याची गरज कोणाला पडली नव्हती.

विजेच्या ठिणगीने जोड करण्याची रीत रशियात निकोलाय बेनार्डोस यांनी १८८० च्या दशकात कार्बनची कांडी वापरून आणली. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी कार्बनच्या जागी धातूचीच कांडी घेतली, म्हणजे कांडी वितळून जोडात भरू लागली. पण उघड्या कांडीचा वितळलेला थेंब वाटेतच हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन शोषून घेई, आणि थिजलेला धातू ठिसूळ होई. अशा जोडाला कोणताही ठाम आकडा देणे धाडसाचेच होते. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कांडीवर लेप चढवला. लेप जळून वायूचे आणि मळीचे आवरण तयार होते व धातू हवेपासून वाचतो. वेल्डच्या ताकदीबद्दल भरवशाने बोलता येऊ लागले ते लेप सुधारत गेल्यावरच. आज कांडीच्या नावातच ताकद छापलेली असते: अमेरिकी पद्धतीच्या 'ई ६०' आणि 'ई ७०' या आकड्यांचा अर्थ दर चौरस इंचाला ६० किंवा ७० हजार पौंड ताणशक्ती.

इमारती आणि पूल बांधणारे तरीही बराच काळ रिव्हेटलाच धरून होते. पोलंडमध्ये वोविच शहराजवळ माउझित्से इथे स्तेफान ब्रीवा यांच्या आराखड्यावरून सुमारे २७ मीटर लांबीचा पूल १९२९ मध्ये वाहतुकीला खुला झाला. पूर्ण वेल्ड केलेला जगातला पहिला रस्त्याचा पूल म्हणून तो ओळखला जातो. ब्रीवा ज्या ल्वूव शहरात शिकले, तिथेच माक्सिमिलियान हुबर यांनी १९०४ मध्ये मिश्र ताणाखाली धातू केव्हा नमतो याचा निकष पोलिश भाषेत मांडला होता. तो बाहेर फारसा कोणी वाचला नाही. १९१३ मध्ये रिचर्ड फॉन मिझेस यांनी तोच स्वतंत्रपणे मांडला आणि नाव त्यांचे झाले. वेल्डच्या अनेक सूत्रांत भागाकाराला बसलेले तीनचे वर्गमूळ या निकषातून आलेले आहे: कातरताना धातूची ताकद ओढतानाच्या ताकदीच्या सुमारे ५८ टक्के धरली जाते.

बट जोडाचा, म्हणजे प्लेटा एकाच पातळीत टोकाला टोक लावून केलेल्या जोडाचा हिशोब वरवर सोपा आहे: जाडी गुणिले लांबी गुणिले परवानगीचे प्रतिबल. खरा प्रश्न टक्केवारीचा. त्याचे उत्तर क्ष-किरणांनी दिले. अमेरिकेत हूवर धरणाच्या प्रचंड पाइपांचे वेल्ड १९३० च्या दशकात क्ष-किरणांखाली तपासले गेले. अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या दाबपात्र संहितेत आजही दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेला बट जोड पूर्ण तपासला असेल तर १.०, नमुन्यापुरता तपासला असेल तर ०.८५ आणि अजिबात तपासला नसेल तर ०.७० धरतात. जोड तोच, वेल्डर तोच. बदलते ते फक्त पाहणाऱ्याचे ज्ञान. शेवटचा आकडा फेअरबर्न यांच्या दुहेरी ओळीइतकाच आहे, हा मात्र योगायोग.

कोपऱ्यात त्रिकोणी भरलेल्या फिलेट वेल्डची गोष्ट वेगळी. काटकोन त्रिकोणाच्या मुळापासून समोरच्या बाजूपर्यंतचे सर्वांत कमी अंतर, म्हणजे थ्रोट, पायाच्या (काटकोनालगतच्या बाजूच्या) ०.७ पट असते. जोड तिथेच फाटेल असे गृहीत धरून सगळा हिशोब त्या क्षेत्रफळावर करतात. प्रत्यक्षात फाटण्याचा कोन भाराच्या दिशेप्रमाणे बदलतो, आणि वेल्डच्या लांबीला आडवा ओढलेला फिलेट त्याच मापाच्या उभ्या फिलेटपेक्षा साधारण दीडपट भार घेतो. जुन्या नियमांनी हा फायदा सोडून दिला आणि सर्वांना कमजोर दिशेचाच आकडा लावला.

हिशोब बरोबर असूनही जोड तुटू शकतो, हे कळायला मोठी किंमत मोजावी लागली. बेल्जियममधील हासेल्टचा वेल्ड केलेला पूल १४ मार्च १९३८ रोजी, बांधून फार काळ झाला नसताना, तडकून कालव्यात कोसळला. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात बांधलेले 'स्केनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज दुभंगले. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी अशा जहाजांचे पोलाद तपासून दाखवले की ते थंडीत ठिसूळ होत होते. रिव्हेटच्या जहाजात भेग प्लेटच्या कडेला येऊन थांबण्याची शक्यता असे. अखंड वेल्ड केलेल्या जहाजात तिला थांबायला कडच उरली नव्हती.

मग २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर कीलँड' हा तरता तळ उलटून १२३ जण दगावले. तडा सुरू झाला होता तो हायड्रोफोनचा, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राचा, आधार बसवण्यासाठी दिलेल्या ६ मिलिमीटरच्या फिलेटमध्ये. तळाचा भार त्या वेल्डवर नव्हताच, त्यामुळे ताकदीच्या हिशोबात त्याला महत्त्व नव्हते. लाटांच्या वारंवार बदलणाऱ्या ताणाने तिथली भेग मुख्य नळीत शिरली.

भारतात मऊ पोलादाच्या वेल्डिंगसाठी मानक ८१६ हे १९५६ मध्ये आले. फिलेटसाठी चौरस मिलिमीटरला १०८ न्यूटन हा आकडा अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्यांनी पाढ्यासारखा घोकला. २००७ च्या मानक ८०० मध्ये त्याची जागा अंतिम ताकदीने घेतली. धातूची ४१० ची ताणशक्ती तीनच्या वर्गमुळाने भागायची, मग कारखान्यातल्या वेल्डसाठी १.२५ ने आणि जागेवरच्या वेल्डसाठी १.५ ने. ८ मिलिमीटरचा, १०० मिलिमीटर लांबीचा फिलेट घेतला तर थ्रोट ५.६, क्षेत्रफळ ५६० चौरस मिलिमीटर. कारखान्यात केला तर तो सुमारे १०६ किलोन्यूटन, म्हणजे पावणेअकरा टन भाराला चालतो. तोच वेल्ड साइटवर, परांचीवर उभे राहून केला तर ८८ किलोन्यूटन, म्हणजे नऊ टन.