उखडलेले पॅड : तांब्याच्या एका ठिपक्याचा इतिहास

१/ सेगा कंपनीचा ‘गेम गिअर’ हा हातात धरून खेळायचा कन्सोल १९९० साली जपानमध्ये विक्रीस आला. आज त्याचे जे नमुने उरले आहेत, त्यांपैकी पुष्कळांचा आवाज क्षीण झालेला आणि पडदा अंधुक झालेला आढळतो. दोष बहुधा आतील लहान कपॅसिटरांचा असतो. ते बदलू जावे, तर अनेकदा जुन्या कपॅसिटरबरोबर त्याखालचा तांब्याचा ठिपकाही उखडून हाती येतो. या ठिपक्यास पॅड म्हणतात. तो इतका दुबळा का, आणि उखडल्यावर बोर्ड निकामी समजावा का? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

२/ सर्किट बोर्ड येण्यापूर्वी रेडिओची जोडणी हातांनी होत असे. प्रत्येक भागाची तार टर्मिनलला गुंडाळायची आणि तेथे सोल्डरने झाळायची. काम संथ, खर्चिक आणि चुकांना वाव देणारे होते. मात्र त्यात एक गुण होता : कोणताही सांधा सोडवून पुन्हा जोडता येई.

३/ पॉल आयस्लर हा १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला ज्यू अभियंता. १९३६ साली तो इंग्लंडला आला. मुद्रणव्यवसायाशी त्याचा परिचय होता. छपाईसाठी धातूचे ठसे जसे आम्लाने कोरतात, तसेच तांब्याच्या पातळ पत्र्यातून नको तो भाग विरघळवून तारांचे जाळे उरवावे, ही त्याची कल्पना. १९४३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ‘प्रिंटेड सर्किट’ या नावातील ‘प्रिंटेड’ शब्दामागे छापखान्याशी असलेले हे नाते आहे.

४/ हा बदल सर्वांनीच आनंदाने स्वीकारला नाही. अमेरिकेतील झेनिथ कंपनी १९५० आणि १९६० च्या दशकांत आपल्या टीव्ही संचांत छापील सर्किट नाही, जोडणी हाताची आहे, हे जाहिरातींतून अभिमानाने सांगत असे. दुरुस्तीची सोय हा त्या वादाचा एक मुद्दा होता. बाजाराचा निकाल छापील बोर्डाच्या बाजूने लागला; दुरुस्तीची अडचण मात्र मिटली नाही.

५/ अडचणीचे मूळ रचनेत आहे. सर्वसाधारण बोर्डावरील तांब्याचा थर सुमारे ३५ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. काचतंतू आणि इपॉक्सी यांच्या पाटीवर तो चिकटवलेला असतो. पॅड म्हणजे या थराचाच, वरचे हिरवे लाखेसारखे आवरण न दिलेला तुकडा.

६/ जुन्या पद्धतीत भागाचे पाय बोर्डाच्या छिद्रांतून आरपार जात. छिद्राच्या आतून तांब्याचा मुलामा असेल, तर पॅडला खुंटीसारखा आधार मिळे. १९८० च्या दशकात भाग पृष्ठभागावरच बसवण्याची पद्धत रुळली. यंत्रे लहान झाली, पण पॅडचा आधार उरला तो केवळ चिकटाचा.

७/ गेम गिअरमध्ये असेच पृष्ठभागावर बसवलेले कपॅसिटर आहेत. कालांतराने त्यांतील द्रव पाझरतो, तांब्याला गंज चढवतो आणि पॅडची पकड सैल करतो. त्यात भर पडते उष्णतेची. नेहमीच्या बोर्डातील इपॉक्सी १३० ते १४० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. कथिल-शिशाचे ६३:३७ सोल्डर वितळते १८३ अंशांना. म्हणजे सोल्डर सुटण्यापूर्वीच चिकट नरमलेला असतो.

८/ १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांत शिशावर निर्बंध लागू केले. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु त्यानंतर रूढ झालेले शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळते. त्यामुळे नव्या कन्सोलांच्या दुरुस्तीत पॅडला अधिक ताप सोसावा लागतो. अर्धवट वितळलेल्या सोल्डरवरून भाग ओढला की पॅड गेलेच. काळ पॅडला दुबळे करतो. शेवटचा हिसका बहुधा दुरुस्ती करणाऱ्याचा असतो.

९/ तरीही बोर्ड निकामी होत नाही. पॅड हे मार्गाचे केवळ टोक; मार्ग पुढे शाबूत असतो. प्रथम पाझरलेला द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढतात. मग त्या मार्गावरील हिरवे आवरण बारीक पात्याने हलके खरवडून उघडे तांबे मिळवतात, त्यावर फ्लक्स लावतात आणि सोल्डरचा पातळ थर देतात. कल्हईवाला तांब्या-पितळेच्या भांड्याला नवसागर लावून मग कथिल फिरवतो, त्यातील तत्त्व हेच : धातूवरची काजळी निघाल्याखेरीज कथिल धरत नाही.

१०/ यापुढे दोन वाटा आहेत. एक, तांब्याचे नवे पॅड इपॉक्सीने चिकटवून मार्गाला जोडणे. दुसरी, इनॅमलचे आवरण असलेली बारीक तार भागाच्या पायापासून त्याच मार्गावरील पुढच्या बिंदूपर्यंत नेणे. जोड पुरा झाला की मल्टिमीटरने सलगता तपासतात आणि तार हलू नये म्हणून रेझिनने पक्की करतात. हा काही चोरटा जुगाड नव्हे. बोर्डदुरुस्तीच्या आयपीसी ७७२१ या मानकात पॅड आणि मार्ग पूर्ववत करण्याच्या रीती नोंदलेल्या आहेत.

११/ दुसऱ्या वाटेचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. छपाईने जी हाताची तार हद्दपार केली, तीच छपाई हरते तेथे परत येते. यंत्राच्या इतिहासात जुनी पद्धत पूर्णपणे मरत नाही. ती दुरुस्तीत जिवंत राहते.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यंत्र हेही साधनच. त्यावरचा खेळ संगणकावर उतरवून जपता येतो. पण तो मूळ पडद्यावर कसा दिसे, मूळ बटणांखाली कसा जाणवे, हे चालू यंत्रच सांगू शकते. अशी यंत्रे आता नव्याने बनत नाहीत. म्हणून एक पॅड उखडले एवढ्यावरून बोर्ड भंगारात टाकणे म्हणजे एक पान फाटले म्हणून पोथी चुलीत घालणे होय. आणि जोडलेली तार दिसत असेल, तर दिसू द्यावी. पोथीचे जतन करणारा आपले ठिगळ मूळ कागद म्हणून खपवत नाही. पुढे तो बोर्ड उघडणाऱ्यालाही मूळ कोणते आणि नंतरचे कोणते, हे कळले पाहिजे.